कोबुर्गच्या मानचिन्हातला कृष्णवर्णीय संत

इत्झकाठ (धागाकर्ती)

जर्मनीतल्या कोबुर्ग शहराचं मानचिन्ह अगदी साधं आहे. सोनेरी ढाल आणि तिच्यावर एका आफ्रिकी माणसाचं काळं डोकं, बाजूने दिसणारं. कुरळे केस, लाल ओठ, कानात सोनेरी बाळी. बस्स. गावाच्या वर डोंगरात एवढा थोरला किल्ला उभा असूनही ढालीवर किल्ला नाही. सिंह नाही, गरुड नाही. गावात फिरताना हे डोकं जागोजागी भेटतं, रस्त्यातल्या गटारांच्या बिडाच्या झाकणांवरसुद्धा तेच ओतलेलं आहे.

इथं शिकायला येणारी आपली मुलं मला हमखास विचारतात, की ताई, हे गुलामांच्या व्यापाराचं चिन्ह आहे का? प्रश्न रास्त आहे. पण उत्तर 'नाही' असं आहे, आणि त्या 'नाही'च्या मागे इतका मोठा इतिहास आहे की एकदा नीट लिहून काढावा असं बरेच दिवस मनात होतं.

हे डोकं संत मोरित्सचं. तोच, ज्याच्या नावाचं स्वित्झर्लंडमधलं बर्फातलं गाव आपल्याला सिनेमांमुळे माहीत आहे. तिसऱ्या शतकाच्या शेवटी रोमन सैन्यात इजिप्तमधल्या थीब्ज भागातून आलेली एक पलटण होती आणि मोरित्स तिचा सेनानी होता, अशी कथा. ही पलटण ख्रिस्ती होती. सम्राट मॅक्सिमियनने त्यांना आल्प्सपलीकडे नेलं आणि आपल्याच धर्मबांधवांवर शस्त्र चालवायला सांगितलं. त्यांनी नकार दिला. मग दर दहातला एक सैनिक मारायचा, असा हुकूम निघाला. तरी नकार. पुन्हा दहातला एक. असं करत शेवटी सगळी पलटण कापली गेली. ही जागा म्हणजे तेव्हाचं अगौनुम, आजच्या स्वित्झर्लंडमधलं सेंट-मॉरिस. लियाँचा बिशप युखेरियस याने पाचव्या शतकात ही कथा लिहून ठेवली आणि सैनिकांचा आकडा ६,६०० दिला. इतक्या मोठ्या कत्तलीचा त्या काळातला पुरावा मिळत नाही, त्यामुळे इतिहासकार आकडा मानत नाहीत, काही जण तर सगळी कथाच मानत नाहीत. पण ५१५ मध्ये बर्गंडीच्या सिगिस्मुंडने तिथं मठ स्थापन केला, तो आजही चालू आहे. म्हणजे श्रद्धा जुनी आहे, हे नक्की.

कोबुर्गमधलं सगळ्यात जुनं चर्च याच संताचं, मोरित्सकिर्खे. दोन मनोरे, दोन्ही वेगळ्या उंचीचे. शहराचा पालक संत तो, म्हणून शहराच्या ढालीवर त्याचं डोकं. मानचिन्हाचं साल १४९३ धरलं जातं.

आता मला सगळ्यात भिडणारा भाग. १९३४ मध्ये नाझींनी हे मानचिन्ह रद्द केलं. आफ्रिकी माणसाचा चेहरा जर्मन शहराचा मान म्हणून मिरवायचा हे त्यांना सहन होणं शक्यच नव्हतं. त्याजागी उभी तलवार आली आणि तिच्या मुठीच्या टोकाला स्वस्तिक. १९४५ मध्ये नाझी गेले, तलवार गेली, संत परत आला.

आणि २०२० मध्ये पुन्हा मागणी झाली की हे डोकं काढा. या वेळी कारण नेमकं उलटं होतं: हे चित्र वंशवादी आहे, म्हणून काढा.

एकाच चित्रावर दोन्ही बाजूंनी घाला. माझं मत मी सांगणारच आहे, पण आधी तुमचं ऐकायचंय.

---

दगडधोंडे

उत्तम धागा. मध्ययुगीन शिल्पांवर थोडंफार काम केलंय म्हणून एक भर घालतो, कारण या कथेतला खरा वळणबिंदू कोबुर्गमध्ये नाही, पूर्व जर्मनीतल्या माग्देबुर्ग शहरात आहे.

संत मोरित्स सुरुवातीपासून कृष्णवर्णीय दाखवला जात नव्हता. कित्येक शतकं त्याची चित्रं इतर संतांसारखीच, गोऱ्या युरोपीय योद्ध्याची होती. पहिला ऑटो या जर्मन राजाने ९३७ मध्ये माग्देबुर्गला मोरित्सच्या नावाने मठ काढला, ९६८ मध्ये तिथं आर्चबिशपचं पीठ आलं. ऑटो पुढे पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट झाला आणि मोरित्स त्या साम्राज्याचा संत झाला. सम्राटांच्या राजचिन्हांमधला पवित्र भाला मोरित्सचा भाला म्हणूनही ओळखला जाई. तो सध्या व्हिएन्नाच्या राजवाड्यातल्या खजिन्यात आहे. तरीही या साऱ्या काळात संत गोराच.

१२०७ मध्ये माग्देबुर्गचं कॅथीड्रल आगीत गेलं आणि नवं बांधायला घेतलं. त्यात साधारण १२४० ते १२५० च्या दरम्यान कुणा अनाम शिल्पकाराने वालुकाश्मात मोरित्स घडवला, आणि तो आफ्रिकी घडवला. मोरित्स कृष्णवर्णीय आफ्रिकी म्हणून दाखवणारी आज शिल्लक असलेली ही सगळ्यात जुनी मूर्ती. पाय तुटलेत, हातातलं शस्त्र गेलंय, पण चेहरा शाबूत आहे. डोकं पूर्ण कड्यांच्या चिलखती टोपात आहे, फक्त चेहरा उघडा. रुंद नाक, भरलेले ओठ, आणि नजर अशी की समोरचा सरळ उभा राहील. शिल्पकाराने कुठेही विदूषकी केलेली नाही, भीती घालायचाही प्रयत्न नाही. त्याने जिवंत आफ्रिकी माणूस पाहिलेला असणार असं मला ती मूर्ती बघताना वाटतं. दुसऱ्या फ्रीडरिश सम्राटाच्या दरबारात आफ्रिकी माणसं होती आणि मूर्ती त्याच्याच काळातली आहे.

तिथून पुढे जर्मनीच्या पूर्व आणि मध्य भागात कृष्णवर्णीय मोरित्सची लाट आली. कोबुर्गचं डोकं त्या लाटेतलं.

---

हिरवीचाफेकळी

वाचतेय. एक शंका: पलटण इजिप्तमधली. इजिप्तचा माणूस म्हणजे लगेच असा काळा कशाला असेल? मग हा आफ्रिकी चेहरा ऐतिहासिक आहे की कल्पना?

---

दगडधोंडे

कल्पनाच. मोरित्स कसा दिसत होता हे सांगणारं काही शिल्लक नाही, तो होता की नाही इथूनच वाद आहे. पण ती कल्पना कुणाची आणि कशासाठी, हे बघा. तेराव्या शतकातल्या साम्राज्याला सांगायचं होतं की आमचा धर्म आणि आमची सत्ता जगाच्या टोकापर्यंत पोचते, इथियोपियाचा वीरही आमच्या बाजूने लढतो. म्हणजे त्यात राजकारण होतंच. तरी त्या राजकारणाने कृष्णवर्णीय माणसाला सम्राटाच्या कबरीशेजारी, चिलखत घालून, संत म्हणून उभं केलं. ऑटोची कबर त्याच कॅथीड्रलमध्ये आहे.

---

राणीचा_बाग

मुंबईकर म्हणून माझं कान टवकारणं साहजिक आहे. कोबुर्ग म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्टचं गाव ना? भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये उघडलं तेव्हा व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांच्याच नावाने. आत अल्बर्टचा पांढराशुभ्र संगमरवरी पुतळा आहे, डेव्हिड ससून यांनी घडवून घेतलेला. लहानपणी शाळेच्या सहलीत तो बघून 'हे कोण आजोबा' असं विचारल्याचं आठवतं. मग हे काळं डोकं ब्रिटिश राजघराण्याच्याही चिन्हात आहे का?

---

इत्झकाठ

@राणीचा_बाग, गाव बरोबर. अल्बर्टचा जन्म १८१९ चा, कोबुर्गजवळच्या रोझेनाऊ वाड्यातला. इथल्या बाजारचौकात मधोमध त्याचा पुतळा आहे, व्हिक्टोरिया राणीने शहराला दिलेला. १८६५ मध्ये तो उघडला तेव्हा ती स्वतः हजर होती.

पण शहराचं मानचिन्ह आणि ड्यूक घराण्याचं मानचिन्ह या दोन वेगळ्या गोष्टी. घराण्याचं चिन्ह सॅक्सनीचं: काळे-सोनेरी आडवे पट्टे आणि त्यावरून तिरकी गेलेली हिरवी पानांची माळ. अल्बर्टमुळे इंग्लंडात गेलं ते हे, संताचं डोकं नाही. १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात जर्मन नाव जड झालं म्हणून ब्रिटिश घराण्याने 'साक्स-कोबुर्ग-गोथा' टाकून 'विंडसर' नाव घेतलं.

काळा आणि सोनेरी हे रंग मात्र दोन्हीकडे आहेत. त्याला व्यवहारी कारणही आहे. मानचिन्हांच्या नियमात सोनेरी आणि रुपेरी हे 'धातू' मानतात, लाल, निळा, काळा, हिरवा हे 'रंग'. धातूवर धातू ठेवायचा नाही, रंगावर रंग ठेवायचा नाही. कारण ढाल लांबून ओळखू आली पाहिजे. सोन्यावर काळं हे लांबून फार स्पष्ट दिसतं, आणि कोबुर्गचं चिन्ह त्या नियमात चोख बसतं.

---

कोल्हापुरी_इन_बव्हेरिया

मला न उलगडलेली गोष्ट वेगळीच आहे. हा भाग तर कट्टर प्रोटेस्टंट. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा मार्टिन ल्यूथर स्वतः इथं राहून गेला. प्रोटेस्टंटांनी संतपूजा मोडीत काढली. मग संताचं डोकं टिकलं कसं?

---

इत्झकाठ

फार नेमका प्रश्न. १५३० मध्ये आउग्सबुर्गला साम्राज्याची सभा भरली, तेव्हा ल्यूथर साम्राज्याने बहिष्कृत केलेला होता. तिथं जाणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून त्याला कोबुर्गच्या किल्ल्यात ठेवलं, कारण सॅक्सनीच्या राज्याचं हे दक्षिणेकडचं टोक होतं. एप्रिल ते ऑक्टोबर तो तिथं होता, पत्रं लिहीत होता, बायबलच्या भाषांतराचं काम करत होता. त्या ईस्टरला त्याने याच मोरित्सकिर्खेत प्रवचन दिलं.

म्हणजे ज्या माणसामुळे संतांची पूजा थांबली तो संताच्या नावाच्या चर्चमध्ये उभा राहून बोलला, आणि ते चर्च आजही प्रोटेस्टंट असून मोरित्सचंच नाव लावतं. ढालीवरचं डोकं तोपर्यंत देवघरातून बाहेर पडून नगरपालिकेचं झालेलं होतं. नवस बोलणं थांबलं, पण दस्तऐवजांवर शहराची ओळख तीच राहिली. माझ्या मते तिथूनच एक गोष्ट निसटायला लागली: लोकांना हे डोकं कुणाचं हे सांगणारी पूजा, सण, कथा हळूहळू मागे पडली आणि नुसतं 'काळं डोकं' उरलं.

संत अगदीच विसरला गेला असंही नाही. बाजारचौकातल्या नगरभवनाच्या छपराकडे बघा, तिथं मोरित्सची उभी मूर्ती आहे, हातात सेनापतीचा दंड. गावकरी तिला प्रेमाने 'ब्राटवुर्स्टमेन्ले' म्हणतात, सॉसेजवाला बाप्या. कारण कोबुर्गच्या सॉसेजची लांबी म्हणे त्या दंडाएवढी हवी, ३१ सेंटिमीटर! खाली चौकातल्या गाड्यांवर ही सॉसेजेस पाइनच्या सुक्या फळांवर भाजतात. कोळशावर नाही, पाइनच्या बोंडांवर. धुराला राळेचा वास येतो आणि तो अर्ध्या चौकात पसरतो. पावाच्या चिरेतून दोन्हीकडे बाहेर आलेलं ते सॉसेज हातात धरून लोक अल्बर्टच्या पायाशी उभे असतात, आणि वरून संत बघत असतो.

---

खवय्या_नं१

पाइनच्या बोंडांवर भाजलेलं! नोंद केली आहे.

---

शिक्षक_निवृत्त

धागा माहितीपूर्ण. १९३४ वर जरा विस्ताराने लिहावे. एवढ्याशा गावात नाझींना इतकी घाई का?

---

इत्झकाठ

सर, कारण कोबुर्ग त्यांच्या दृष्टीने एवढंसं गाव नव्हतं. त्यांच्यासाठी ते तीर्थक्षेत्रच होतं, आणि हे शहराला आजही सलतं.

थोडी पार्श्वभूमी. १९१८ पर्यंत कोबुर्ग ही ड्यूकची राजधानी. राजेशाही गेली, मग कुणाकडे जायचं असा प्रश्न आला. १९१९ च्या सार्वमतात लोकांनी शेजारचं थुरिंगिया राज्य मोठ्या बहुमताने नाकारलं आणि १९२० मध्ये कोबुर्ग बव्हेरियात आलं. (हा निर्णय पुढे केवढा मोलाचा ठरला बघा: दुसऱ्या युद्धानंतर थुरिंगिया पूर्व जर्मनीत गेला आणि कोबुर्ग पश्चिमेत राहिलं, तीन बाजूंना सीमा घेऊन.)

ऑक्टोबर १९२२ मध्ये 'जर्मन दिन' नावाच्या मेळाव्यासाठी हिटलर खास रेल्वेने शेकडो वर्दीवाल्यांना घेऊन इथं आला. बंदी असताना त्यांनी मिरवणूक काढली, रस्त्यात हाणामाऱ्या केल्या आणि गाव ताब्यात आल्यासारखे फिरले. या प्रसंगाचा पुढे इतका गाजावाजा झाला की १९३२ मध्ये त्याचं खास पदक काढलं. पदकावर वर कोबुर्गचा किल्ला, मध्ये स्वस्तिक आणि त्यावर उभी तलवार. त्याआधी १९२९ मध्ये कोबुर्गच्या नगरपरिषदेत नाझींना स्पष्ट बहुमत मिळालं होतं. जर्मनीत असं बहुमत देणारं हे पहिलं शहर. म्हणजे बर्लिनमध्ये सत्ता यायच्या चार वर्षं आधी इथं त्यांचा कारभार सुरू झाला होता. शेवटचा ड्यूक कार्ल एदुआर्द, व्हिक्टोरियाचाच नातू, तोही त्यांच्या बाजूचा.

अशा शहराची ओळख म्हणून कागदोपत्री, दारांवर, झेंड्यांवर रोज एका आफ्रिकी माणसाचा चेहरा. वंशशुद्धीच्या सिद्धांताला ते चित्र नुसत्या असण्याने खोटं पाडत होतं. म्हणून तो चेहरा गेला आणि तलवार-स्वस्तिक आलं. पदक शेजारी ठेवून बघा, नवी ढाल कुठून आली ते कळतं.

म्हणूनच १९४५ मध्ये मोरित्स ढालीवर परत आला हे मला शहराने घेतलेल्या बाजूचं चिन्ह वाटतं. कुणी मला सांगितलं की हे चित्र वंशवादाचं प्रतीक आहे, तर मी आधी १९३४ ची ढाल पुढे करते.

---

अनुष्का_बॉन

इथं मला असहमती नोंदवायची आहे, आणि शांतपणे नोंदवते.

१९३४ चा इतिहास खरा आहे, महत्त्वाचाही. पण नाझींना एखादी गोष्ट आवडली नाही म्हणून ती आपोआप निर्दोष होत नाही. चित्र बघा. नुसतं डोकं. फुगवलेले लाल ओठ. कानात बाळी. हा सैनिक आहे हे त्यात कुठे दिसतं? संत आहे हे कुठे दिसतं? प्रभावळ नाही, चिलखत नाही, भाला नाही. दगडधोंडे यांनी माग्देबुर्गच्या मूर्तीचं जे वर्णन केलं तिच्यातली एकही गोष्ट इथं आलेली नाही. बाळी आणि लाल ओठ ही युरोपने 'तिकडचा माणूस' दाखवायला ठरवून टाकलेली ठरीव खूण आहे. कॉफीच्या डब्यांवर, चॉकलेटच्या वेष्टनांवर, दुकानांच्या पाट्यांवर तीच होती.

माझ्याबरोबर काम करणारी एक मैत्रीण जर्मनीतच जन्मलेली, वडील घानाचे. तिला लहानपणी शाळेत याच चित्रांवरून आणि या डोक्याला जर्मनमध्ये जो शब्द आहे (Mohr, काळ्या माणसासाठीचा जुना शब्द) त्यावरून चिडवलं गेलं. तिला संताची गोष्ट सांगून काय उपयोग? तिला चिडवणाऱ्यांना ती गोष्ट माहीत नव्हती.

बर्लिनमध्ये त्याच शब्दाचं नाव असलेल्या रस्त्याला २०२५ मध्ये आन्टोन विल्हेल्म आमो यांचं नाव दिलं गेलं. घानातून लहानपणी आणलेले, अठराव्या शतकात जर्मन विद्यापीठांत शिकलेले आणि शिकवलेले तत्त्वज्ञ. नाव बदललं म्हणून इतिहास पुसला गेला नाही. उलट एका खऱ्या माणसाचं नाव लोकांच्या तोंडी आलं.

---

दगडधोंडे

@अनुष्का_बॉन, चित्राबद्दल पूर्ण सहमत. संत ओळखायचा तो त्याच्या हातातल्या वस्तूंवरून, ही मध्ययुगातली पद्धत. त्या काढून घेतल्या की राहतो तो फक्त वर्ण.

एक मुद्दा मात्र जोडतो. असंच डोकं इतर ढालींवरही आहे आणि प्रत्येक ठिकाणी अर्थ निराळा. इटलीतल्या सार्डिनिया बेटाच्या झेंड्यावर लाल क्रूसाच्या चार चौकटींत चार काळी डोकी आहेत. ती परंपरा स्पेनमधल्या आरागॉनच्या राजांची आणि तिथली आख्यायिका लढाईत पराभूत केलेल्या शत्रूंच्या मुंडक्यांची आहे. फ्रान्सच्या कॉर्सिका बेटाच्या झेंड्यावरचं एक डोकंही त्याच वळणाचं. तिथं चेहरा हरलेल्याचा आहे. कोबुर्गमध्ये तो पालकाचा आहे. एकसारखी चित्रं, पण एकात अपमान आणि दुसऱ्यात मान. त्यामुळे सगळ्यांना एकच न्याय लावणं मला पटत नाही.

---

हिरवीचाफेकळी

पण रस्त्याने जाणाऱ्याला हा फरक कसा कळणार? तिथं खाली टिपा नसतात.

---

इत्झकाठ

@हिरवीचाफेकळी, @अनुष्का_बॉन, इथंच माझं मत येतं, म्हणून आता सविस्तर लिहिते.

संत राहिला पाहिजे. आणि चित्र बदललं पाहिजे.

२०२० मध्ये अमेरिकेतल्या वंशवादविरोधी आंदोलनाचे पडसाद इथं उमटले, तेव्हा बर्लिनच्या दोन तरुणींनी सह्यांची मोहीम काढली: कोबुर्गने हे मानचिन्ह सोडावं. लगेच गावातून उलटी मोहीम निघाली: हात लावू नका. शहराने मानचिन्ह ठेवलं. पण तेव्हाचा वाद बहुतेक 'ठेवा' आणि 'काढा' या दोनच टोकांवर झाला. ठेवणारे संताची गोष्ट सांगत होते, काढणारे चित्राकडे बोट दाखवत होते. दोघेही खरं बोलत होते आणि दोघं वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होते.

मानचिन्हांच्या शास्त्रात याला वाट आहे, आणि ती जुनी आहे. मानचिन्ह म्हणजे एक ठरावीक चित्र नसतं. मानचिन्ह म्हणजे वर्णन असतं: ढाल सोनेरी, त्यावर अमुक. त्या वर्णनात बसेल असं चित्र दर पिढीतला कलाकार नव्याने काढू शकतो. सिंह किती रागीट, गरुडाची पिसं किती, हे काळाप्रमाणे बदलत आलं आहे. आज गटाराच्या झाकणावर दिसणारा चेहरा पंधराव्या शतकातून जसाच्या तसा आलेला नाही, पुढच्या काळातल्या चित्रकारांच्या नजरेतून गाळून आलेला आहे.

दगडधोंडे यांनी सार्डिनिया आणि कॉर्सिका काढलंच आहे तर तिथलंच उदाहरण घ्या. कॉर्सिकाच्या डोक्यावर पूर्वी पट्टी डोळ्यांवर असे. अठराव्या शतकात तिथला नेता पास्क्वाले पाओली याने ती कपाळावर सरकवली. डोळे बांधलेला माणूस बघणारा झाला. सार्डिनियाने तर १९९९ मध्ये कायदा करून हेच केलं, पट्टी डोळ्यांवरून कपाळावर. झेंडा तोच राहिला, लोकांनी तो सोडला नाही, पण चेहऱ्याला डोळे परत मिळाले.

कोबुर्गला तर याहून सोपं आहे, कारण इथला चेहरा मुळातच मानाचा. त्याला चिलखताचा टोप परत द्या. माग्देबुर्गच्या शिल्पकाराने दिला होता तसा. म्युनिकच्या आल्टे पिनाकोटेक या चित्रसंग्रहालयात जर्मन चित्रकार ग्र्यूनेवाल्डने काढलेलं मोरित्सचं चित्र आहे, १५२० च्या आसपासचं. लखलखीत चिलखतातला कृष्णवर्णीय सेनानी बिशपच्या वेषातल्या संत इरास्मुसशी बोलतोय, बरोबरीने, हाताने काहीतरी समजावत. त्या चित्रापुढे उभं राहून कुणालाही विचारायची गरज पडत नाही की हा कोण. जर्मन कलेने हा माणूस पूर्ण सन्मानाने दोन-दोनदा काढून दाखवलाय. मग शहराने कमी प्रतीच्या चित्रावर का समाधान मानायचं?

आणि अनुष्का, तुमच्या मैत्रिणीबद्दल. तिला संताची गोष्ट सांगून उपयोग नाही हे मान्य. ती गोष्ट तिला चिडवणाऱ्या मुलांना सांगायला हवी होती, पहिलीपासून, शाळेत, गावाचा इतिहास म्हणून. १९३४ ची ढालसुद्धा दाखवायला हवी. ते शहराचं काम आहे आणि ते पुरेसं झालेलं नाही असं मला इथं राहून वाटतं.

---

अनुष्का_बॉन

टोपाची कल्पना मला आवडली. मी 'काढा'च्या बाजूने इथं आले होते आणि अजूनही पूर्ण पलीकडे गेलेले नाही. एक अट घालेन: नवं चित्र काढताना आफ्रिकी वंशाच्या जर्मन लोकांना विचारलं पाहिजे. त्यांच्या चेहऱ्याचं चित्र पुन्हा एकदा त्यांना न विचारता ठरवलं जाऊ नये. टोप घातला आणि आतला चेहरा तसाच ठेवला, तर काहीच बदललं नाही.

---

इत्झकाठ

अट मान्य. शंभर टक्के.

---

कोल्हापुरी_इन_बव्हेरिया

मी जरा गावकऱ्यांच्या बाजूने बोलतो. बाहेरच्या कुणीतरी येऊन तुमचं चिन्ह काढा म्हटलं की माणूस आधी पाय रोवतो, मग विचार करतो. माझ्या ओळखीचे इथले एक आजोबा आहेत. त्यांच्या वडिलांनी १९३४ चा बदल डोळ्यांनी पाहिला होता. आजोबांच्या मनात 'चिन्ह काढा' हे वाक्य आणि ती तलवार एकत्र जोडलेली आहेत, त्यांना ते वेगळं करताच येत नाही. त्यांना वंशवादी म्हटलं की संवाद संपला. टोप देऊया म्हटलं तर ते कदाचित ऐकतील. विचारून बघतो.

---

शिक्षक_निवृत्त

इत्झकाठ, कार्ल एदुआर्द आणि पदकाची माहिती माझ्यासाठी नवीन होती, आभार. अवांतर: पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या मानचिन्हातही असेच मुकुटधारी काळे डोके पाहिल्याचे स्मरते. तेही मोरित्स का?

---

दगडधोंडे

सर, स्मरण बरोबर आहे, पण संत तोच नाही. ते फ्रायझिंगचं डोकं. म्युनिकच्या उत्तरेला फ्रायझिंग म्हणून जुनं बिशपपीठ आहे, तिथल्या बिशपांच्या ढालीवर चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपासून लाल मुकुट घातलेलं हे डोकं आहे. बेनेडिक्ट पोप होण्याआधी म्युनिक-फ्रायझिंगचे आर्चबिशप होते, म्हणून २००५ मध्ये त्यांनी ते आपल्या ढालीवर नेलं. सोबत ओझं वाहणारं अस्वल आहे बघा, ते फ्रायझिंगच्या संत कोर्बिनियानचं. रोमला जाताना अस्वलाने त्याचं घोडं मारलं, म्हणून त्याने घोड्यावरचं ओझं अस्वलाच्याच पाठीवर लादलं, अशी कथा.

तिथलं काळं डोकं कोणाचं यावर मात्र अभ्यासकांची वेगवेगळी मतं आहेत. कोबुर्गसारखं सरळ उत्तर तिथं मिळत नाही. मोरित्सच हवा असेल तर लाटव्हियातल्या रीगाला जा. तिथल्या अविवाहित व्यापाऱ्यांच्या संघाचा पालक मोरित्स होता, संघाचं नावच 'काळ्या डोक्यांचा संघ', आणि त्यांचं भवन युद्धात उद्ध्वस्त झाल्यावर पुन्हा उभारलेलं आहे.

---

राणीचा_बाग

अस्वलाची गोष्ट! त्यावर वेगळा धागा काढा, दगडधोंडे. वाट बघतोय.

---

खवय्या_नं१

मी डिसेंबरात न्युर्नबर्गला येतोय. कोबुर्ग एका दिवसात होईल का? आणि पाइनच्या बोंडांवरची सॉसेजेस थंडीतही मिळतात का?

---

इत्झकाठ

आरामात होईल. न्युर्नबर्गहून थेट गाडी आहे. स्टेशनातून बाहेर पडून सरळ चौकात या, सॉसेजची गाडी चौकातच असते. खाताना नगरभवनाच्या छपराकडे बघायला विसरू नका. मग मोरित्सकिर्खेत जा: आत अलाबास्टरचं प्रचंड स्मारक आहे, सॅक्सनीच्या ड्यूकने आईवडिलांसाठी सोळाव्या शतकाच्या शेवटी करून घेतलेलं, मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं. किल्ल्यावर चढायला दम लागतो, पण ल्यूथरची खोली तिथंच आहे. आणि वेळ उरला तर गटाराच्या एका झाकणाचा फोटो काढून इथं टाका, म्हणजे ज्यांनी तो चेहरा पाहिलेला नाही त्यांना आपण कशावर भांडतोय ते कळेल.